फायरवॉलआडील सार्वजनिक डीएनएस सर्व्हर : एका तांत्रिक विसंगतीचा इतिहास

प्रस्तावना :

इंटरनेटच्या इतिहासाकडे सामान्यतः दोन अंगांनी पाहिले जाते. दूरदूरचे संगणक एकमेकांशी कसे जोडले गेले, ही त्याची एक बाजू. आणि जोडल्या गेलेल्या संगणकांचे परक्यांपासून रक्षण कसे करण्यात आले, ही दुसरी. या दोन बाजू जेथे एकमेकींना छेद देतात अशी एक जागा म्हणजे एखाद्या कंपनीने स्वतःच्या फायरवॉलमागे ठेवलेला सार्वजनिक डीएनएस सर्व्हर होय.

संगणक एकमेकांना अंकी पत्त्यांनी ओळखतात, माणसे मात्र नावांनी व्यवहार करतात. नावावरून पत्ता शोधून देणारी, जगभर विभागलेली व्यवस्था म्हणजे डोमेन नेम सिस्टिम अर्थात डीएनएस. कंपनी, विद्यापीठ वा महाविद्यालय आपल्या नावाखालील पत्त्यांची नोंदवही ज्या संगणकावर ठेवते, त्याने जगातील कोणाही अनोळखी संगणकाच्या प्रश्नाला उत्तर देणे अपेक्षित असते. याउलट, अनोळखी संगणकाने आपण होऊन सुरू केलेला व्यवहार नाकारणे हाच फायरवॉलचा मूळ धर्म आहे. ज्याचे काम परक्यांना उत्तर देणे त्याला, जिचे काम परक्यांना अडविणे तिच्यामागे बसवायचे, ही विसंगती गेली तीन दशके व्यवस्थापकांनी कशी हाताळली आणि त्या प्रयत्नांतून कोणत्या नव्या अडचणी उद्भवल्या, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

एका नोंदवहीपासून नामव्यवस्थेपर्यंत :

अर्पानेटच्या काळात सर्व संगणकांची नावे एकाच फाइलमध्ये असत. होस्ट्स डॉट टीएक्सटी या नावाची ही फाइल कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई. तेथील नेटवर्क माहिती केंद्राच्या प्रमुख एलिझाबेथ फाइन्लर होत्या. नवा संगणक जोडावयाचा झाल्यास तसे केंद्राला कळवावे लागे आणि इतर ठिकाणचे व्यवस्थापक सुधारित फाइल वेळोवेळी उतरवून घेत. संगणकांची संख्या शेकड्यांत होती तोवर हे जमले. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी/आयपी ही संदेशवहनपद्धती स्वीकारली. त्यापुढील वाढीत एकच वही सर्वांनी उतरवून घेणे अशक्य होणार, हे तोवर स्पष्ट झाले होते.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमधील पॉल मोकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये आरएफसी ८८२ व ८८३ या टिपणांद्वारे डीएनएसची रचना मांडली. नोव्हेंबर १९८७ च्या आरएफसी १०३४ व १०३५ यांनी तिला प्रमाणरूप दिले. वहीची पाने ज्याची त्याने सांभाळावीत, हे या रचनेचे सूत्र होते. प्रत्येक संस्थेने आपल्या नावांची जबाबदारी घ्यावी आणि विचारणाऱ्यास थेट उत्तर द्यावे. मात्र विचारणारा कोण, हा प्रश्न या रचनेत उपस्थितच होत नाही. तो निष्काळजीपणा नव्हता. त्या काळी जाळ्यावर असलेले बहुतेक जण विद्यापीठे, संशोधन संस्था वा शासकीय विभाग यांतील होते आणि परस्परविश्वास गृहीत धरला जाई. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रातील चार विद्यार्थ्यांनी १९८४ मध्ये लिहिलेले ‘बाइंड’ हे सॉफ्टवेअर युनिक्सबरोबर सर्वत्र पोहोचले आणि पुढील दोन दशके नामव्यवस्थेचा व्यवहार प्रामुख्याने त्याच्यावरच चालला.

भिंतीचा उगम :

२ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या पदव्युत्तर विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘वर्म’ने त्या वेळच्या इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले. बाधित संगणकांचा अंदाज सुमारे ६,००० असा सांगितला जातो. परस्परविश्वासाच्या गृहीतकाला बसलेला हा पहिला मोठा धक्का होय. बाहेरील जाळे आणि आपले जाळे यांच्यामध्ये एक तपासनाका असावा, ही कल्पना याच सुमारास डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन व एटी अँड टी बेल लॅबोरेटरीज येथे आकार घेत होती. बेल लॅबोरेटरीजमधील विल्यम चेस्विक यांनी आपल्या प्रवेशद्वाराच्या रचनेवरील निबंध १९९० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी व स्टीव्हन बेलोविन यांनी मिळून लिहिलेला फायरवॉलवरील ग्रंथ १९९४ मध्ये आला.

याच बेलोविन यांच्या आणखी एका निबंधाची कथा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. त्या काळातील काही आज्ञावली समोरच्या संगणकाच्या नावावर विश्वास ठेवून, परवलीचा शब्द न विचारता प्रवेश देत. पत्त्यावरून नाव शोधण्यासाठी डीएनएसचा आधार घेतला जाई. परंतु त्या उलट्या नोंदवहीचे पान तर खुद्द त्या पत्त्याच्या मालकाच्याच ताब्यात असे! हल्लेखोराने आपल्या पानावर विश्वासू संगणकाचे नाव लिहिले की काम झाले. हा दोष बेलोविन यांनी १९९० मध्ये लिहून काढला. तथापि त्यावर सोपा इलाज हाती नसल्याने त्यांनी तो निबंध चार वर्षांहून अधिक काळ रोखून धरला आणि तो १९९५ मध्ये प्रकाशात आला. नामव्यवस्था ही केवळ सोय नसून आत शिरण्याची वाटही आहे, हे फायरवॉलच्या आद्य रचनाकारांना आरंभापासून ठाऊक होते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

देवडीवरचा सर्व्हर :

मग सार्वजनिक डीएनएस सर्व्हर ठेवायचा कोठे? भिंतीबाहेर ठेवला तर तो उघड्यावर पडतो. भिंतीच्या आत ठेवला तर त्याच्यापर्यंत पोहोचणारी वाट उघडी ठेवावी लागते आणि त्यातील एखाद्या दोषामुळे तो परक्याच्या ताब्यात गेल्यास परका थेट आतच येऊन बसतो. यातून तिसरी जागा निर्माण झाली. बाहेरचे जाळे व आतले जाळे यांच्यामध्ये, दोन्हीकडून तपासणी असलेला एक पट्टा आखण्यात आला. १९५३ च्या युद्धबंदीनंतर कोरियात आखल्या गेलेल्या निर्लष्करी पट्ट्यावरून त्याला ‘डीएमझेड’ हे नाव पडले. मराठी वाचकाला त्यासाठी कोरियापर्यंत जाण्याचे कारण नाही. वाड्याची देवडी हेच काम करीत असे. आल्यागेल्याची विचारपूस तेथे होई, निरोप तेथे घेतला जाई आणि माजघरापर्यंत कोणी जात नसे.

डीएमझेडची ही खबरदारी अनाठायी नव्हती, हे २००१ च्या आरंभी दिसून आले. बाइंडमधील एका गंभीर दोषाविषयी अमेरिकेतील सर्ट या समन्वय केंद्राने जानेवारीत इशारा दिला आणि मार्चमध्ये ‘लायन’ नावाचा वर्म त्याच दोषातून लिनक्स सर्व्हरांमध्ये शिरू लागला. ज्यांचा डीएनएस सर्व्हर आतल्या जाळ्यात होता त्यांच्या दृष्टीने फायरवॉल असून नसल्यासारखीच होती. कारण हल्ला ज्या वाटेने येत होता ती वाट त्यांनी स्वतःच उघडी ठेवलेली होती.

जागा ठरली तरी उत्तर काय द्यायचे हा प्रश्न उरतोच. आतल्या कर्मचाऱ्यांना आतल्या सर्व संगणकांची नावे हवीत, तर बाहेरच्यांना संकेतस्थळ व टपाल सर्व्हर यांपलीकडे काही कळू नये. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रेंट चॅपमन व एलिझाबेथ झ्विकी यांच्या ग्रंथात यासाठी दोन नोंदवह्यांची योजना सविस्तर दिली आहे. बाहेर दाखविण्यापुरती एक त्रोटक वही आणि आत खरी वही. बाइंडच्या नवव्या आवृत्तीने २००० मध्ये एकाच सर्व्हरवर, विचारणाऱ्यानुसार वेगळी वही दाखविण्याची सोय करून दिली. सत्य एकच असावे असे मानणाऱ्या मूळ रचनेला हा मोठाच छेद होता.

याच काळात पत्त्यांच्या टंचाईने त्यात भर घातली. मे १९९४ मधील आरएफसी १६३१ या टिपणाने पत्ते बदलून देण्याची ‘नॅट’ ही युक्ती मांडली आणि फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने खासगी पत्त्यांचे गट निश्चित केले. आता फायरवॉलमागील सर्व्हरला स्वतःचा एक पत्ता आणि जगाला दिसणारा दुसराच पत्ता असे दुहेरी अस्तित्व आले. फायरवॉल पाकिटावरील पत्ता बदलते. परंतु डीएनएसच्या उत्तरात पत्ता पाकिटाच्या आत, मजकुरात असतो. वहीत खासगी पत्ता लिहिला तर बाहेरच्याला निरुपयोगी उत्तर मिळते. सार्वजनिक पत्ता लिहिला तर आतला कर्मचारी स्वतःच्याच संकेतस्थळासाठी दाराबाहेर जाऊन पुन्हा त्याच दाराने आत येऊ पाहतो आणि अनेक फायरवॉली अशा प्रवासाला नकार देतात. काही उत्पादकांनी फायरवॉललाच उत्तराचा मजकूर उघडून आतला पत्ता बदलण्याची मुभा दिली. टपालवाहकाने पत्र फोडून त्यातील मजकूर दुरुस्त करावा, असाच हा प्रकार म्हणावा लागेल.

भारतापुरते पाहता, डॉट इन या राष्ट्रीय नामविभागाची नोंद मे १९८९ मध्ये झाली आणि त्याची व्यवस्था दीर्घकाळ मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होती. २००५ च्या आरंभी ही जबाबदारी निक्सीने नव्या नोंदणी व्यवस्थेद्वारे उचलली. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा फायरवॉलविषयीचे वरील ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागले होते. अमेरिकी संस्थांना आधी उघडे जाळे आणि नंतर भिंत असा प्रवास करावा लागला. या सेवेनंतर इंटरनेटवर आलेल्या भारतीय कंपन्या व शिक्षणसंस्था यांच्या वाट्याला सर्व्हर आणि भिंत जवळपास एकदमच आली. भिंतीचे तयार नियमही तिच्यासोबतच आले. त्या नियमांमागील कारणे मात्र दुसऱ्या काळातील होती.

५३ क्रमांकाचे दार :

या नियमांपैकी एकाचा इतिहास विस्ताराने पाहण्याजोगा आहे. डीएनएसचे प्रश्न सर्व्हरच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवर येतात. बाहेरून येणाऱ्या प्रश्नांसाठी तेवढे दार उघडणे सोपे होते. परंतु त्या काळी एकच सर्व्हर बहुधा दोन कामे करी. बाहेरच्यांना आपल्या वहीतून उत्तर देणे हे एक, आणि आतल्या कर्मचाऱ्यांच्या वतीने जगातील इतर सर्व्हरांना प्रश्न विचारणे हे दुसरे. दुसऱ्या कामात उत्तरे बाहेरून आत येतात. आरंभीच्या फायरवॉलींना स्मृती नव्हती. प्रत्येक पॅकेट त्या सुटे पाहत. हे पॅकेट आपल्याच प्रश्नाचे उत्तर आहे काय, हे त्यांना ओळखता येत नसे.

व्यवस्थापकांनी यावर एक साधा तोडगा काढला. बाइंडची चौथी आवृत्ती इतर सर्व्हरांना प्रश्न विचारतानाही स्वतःचे ५३ क्रमांकाचेच पोर्ट वापरत असे. तेव्हा ५३ वरून निघून ५३ वर येणारे पॅकेट आत सोडावे, असा नियम रूढ झाला. बाहेरील कोणीही आपले पॅकेट ५३ वरून निघाल्याचे भासवू शकतो, ही त्रुटी माहीत असूनही तो चालवून घेतला गेला. मे १९९७ मध्ये बाइंडची आठवी आवृत्ती आली. ती प्रश्न विचारण्यासाठी वरच्या क्रमांकाचे पोर्ट घेऊ लागली. नवी आवृत्ती बसविताच अनेक ठिकाणी उत्तरे भिंतीवर आपटून परत जाऊ लागली.

अशा वेळी भिंतीचा नियम बदलायचा की सर्व्हर? बाइंडच्या रचनाफाइलमध्ये एक ओळ घालून सर्व्हरला पुन्हा ५३ क्रमांकावर आणता येत होते. लिनक्सच्या काही वितरणांसोबत येणाऱ्या नमुनाफाइलमध्ये ही ओळ आयतीच लिहिलेली असे. वर टीप असे, की मध्ये फायरवॉल असल्यास ही ओळ कार्यान्वित करावी लागेल, कारण पूर्वीच्या आवृत्त्या नेहमी ५३ वरूनच प्रश्न विचारीत. ओळ सुरू करायला क्षणभर पुरे. फायरवॉलचा नियम बदलायला बहुधा दुसऱ्या विभागाची परवानगी लागते. कार्यालयीन व्यवहाराचा अनुभव असलेल्या कोणालाही कोणता मार्ग निवडला गेला असेल, हे वेगळे सांगावयास नको. त्या फाइली एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर, एका व्यवस्थापकाकडून दुसऱ्याकडे नकलत गेल्या. स्मृती असलेल्या फायरवॉली १९९४ पासून बाजारात होत्या आणि त्या सर्वत्र पोहोचल्यावर ओळीची गरज संपली. तरी ओळ राहिली.

तिची किंमत २००८ मध्ये कळली. सर्व्हरने विचारलेल्या प्रश्नावर १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यतांपैकी एक क्रमांक असतो. तोच क्रमांक असलेले आणि त्याच पोर्टवर आलेले उत्तर खरे मानले जाते. अमेरिकी संशोधक डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिले, की हल्लेखोर एकाच डोमेनमधील अस्तित्वात नसलेली नावे एकामागून एक विचारायला लावून बनावट उत्तर खपविण्याची हवी तितकी संधी मिळवू शकतो आणि अल्पावधीत संपूर्ण डोमेनच खोट्या पत्त्याकडे वळवू शकतो. अनेक उत्पादकांनी गुप्तपणे एकत्र काम करून ८ जुलै २००८ रोजी एकाच दिवशी दुरुस्त्या जाहीर केल्या. दुरुस्तीचे सार एवढेच, की प्रत्येक प्रश्नासाठी पोर्टही यादृच्छिक निवडावे, जेणेकरून हल्लेखोराला दोन संख्या ओळखाव्या लागतील. ज्या सर्व्हरांवर ती जुनी ओळ होती, तेथे दुरुस्ती बसवूनही पोर्ट ५३ वरच खिळून राहिले. इतकेच नव्हे, तर नॅट करणाऱ्या काही फायरवॉली सर्व्हरने यादृच्छिक निवडलेली पोर्टे बदलून त्यांच्या जागी क्रमवार पोर्टे देत असल्याचे आढळले. सर्व्हरने मिळविलेले संरक्षण त्याच्या रक्षकानेच काढून घेतले होते.

सार्वजनिक उत्तरे देणारा सर्व्हर आणि आतल्यांसाठी प्रश्न विचारणारा सर्व्हर वेगळे ठेवावेत, हा आग्रह डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००१ पर्यंत पूर्णत्वास नेलेल्या डीजेबीडीएनएस या सॉफ्टवेअरमधून प्रत्यक्षात आणला होता. पोर्ट यादृच्छिक घेण्याची खबरदारीही त्यात होती. त्यांच्या वादप्रिय शैलीमुळे या मुद्द्यांकडे व्हावे तितके लक्ष गेले नाही, असे मानण्यास जागा आहे.

५१२ बाइटांची सवय :

मूळ प्रमाणानुसार यूडीपी या हलक्या पद्धतीने पाठविलेले डीएनएस उत्तर ५१२ बाइटांपेक्षा मोठे असू नये. उत्तर मोठे झाले तर विचारणाऱ्याने टीसीपी या जड पद्धतीने पुन्हा विचारावे. व्यवहारात उत्तरे छोटी असत आणि टीसीपीचा उपयोग मुख्यतः संपूर्ण नोंदवहीची नक्कल दुय्यम सर्व्हरकडे नेण्यासाठी होई. अशी नक्कल परक्याच्या हाती पडणे म्हणजे घराचा नकाशाच हाती पडणे. म्हणून अनेक व्यवस्थापकांनी ५३ क्रमांकावरील टीसीपी बंद करून टाकले. वास्तविक नक्कल कोणाला द्यायची हे सर्व्हरमध्येच ठरविता येते. तरीही ‘टीसीपी नकलेसाठी, यूडीपी प्रश्नांसाठी’ हे अर्धसत्य प्रशिक्षणवर्गांतून नियमासारखे शिकविले गेले. काही फायरवॉली तर ५१२ बाइटांहून मोठे उत्तर संशयास्पद समजून टाकून देत.

ऑगस्ट १९९९ मधील आरएफसी २६७१ ने मोठ्या उत्तरांची वाट मोकळी केली आणि नोंदींवर डिजिटल स्वाक्षरी करणाऱ्या डीएनएससेकने मोठी उत्तरे अपरिहार्य केली. १५ जुलै २०१० रोजी नामव्यवस्थेच्या मूळ विभागावर स्वाक्षरी झाली. जुन्या नियमांच्या भिंतीमागील सार्वजनिक सर्व्हरांची यानंतर विचित्र अवस्था झाली. छोटी उत्तरे बाहेर पोहोचत, मोठी हरवत. व्यवस्थापकाने आतून चाचणी घेतल्यास सर्व सुरळीत दिसे. बाहेरील काहींना मात्र त्या संस्थेचे नावच सापडत नसे. मार्च २०१६ च्या आरएफसी ७७६६ ने टीसीपीचा आधार अनिवार्य ठरविला. १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रमुख सॉफ्टवेअर निर्मात्यांनी अशा सदोष सर्व्हरांसाठी पळवाटा ठेवणे थांबविले. मार्च २०२२ मध्ये आरएफसी ९२१० या टिपणाला जाळ्याच्या व्यवस्थापकांना उद्देशून, टीसीपी अडवू नका, असे स्वतंत्रपणे सांगावे लागले. १९८९ च्या आरएफसी ११२३ मध्ये टीसीपीची शिफारस होतीच, हे लक्षात घेता एका सवयीने ३३ वर्षे तग धरली.

स्मृती असलेल्या फायरवॉलीही सार्वजनिक सर्व्हरसाठी निर्दोष ठरल्या नाहीत. अशी फायरवॉल प्रत्येक व्यवहाराची तात्पुरती नोंद ठेवते. आतून बाहेर जाणाऱ्या मोजक्या प्रश्नांसाठी ते योग्य आहे. सार्वजनिक सर्व्हरकडे मात्र प्रत्येक अनोळखी प्रश्नागणिक नवी नोंद होते. प्रश्नांचा मुद्दाम पूर लोटल्यास सर्व्हर थकण्याआधीच फायरवॉलीची नोंदसारणी भरून जाते आणि तिच्यामागील सारेच अदृश्य होते.

एकाच दारामागे :

फायरवॉल म्हणजे एकच दार, आणि डीएनएसची मूळ शिकवण त्याच्या नेमकी उलट. जुलै १९९७ च्या आरएफसी २१८२ मध्ये, एखाद्या डोमेनचे सर्व्हर भौगोलिकदृष्ट्या आणि जाळ्याच्या दृष्टीनेही वेगवेगळ्या ठिकाणी असावेत, असे स्पष्टपणे सांगितले होते. २३ जानेवारी २००१ च्या संध्याकाळी मायक्रोसॉफ्टच्या एका तंत्रज्ञाने डीएनएस जाळ्याच्या सीमेवरील राउटरांच्या रचनेत बदल केला. कंपनीचे चारही डीएनएस सर्व्हर त्या एकाच वाटेमागे होते. सर्व्हर सुस्थितीत होते, संकेतस्थळेही सुस्थितीत होती. परंतु नाव विचारणाऱ्याला उत्तर मिळेना. सुमारे २२ तास कंपनीची प्रमुख संकेतस्थळे बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने नाहीशी झाली. पाठोपाठ २५ तारखेला हल्लेखोरांनी त्याच वाटेवर पूर लोटला. त्यानंतर कंपनीने अकामाई या बाह्य संस्थेच्या जाळ्यावर दुय्यम सर्व्हर ठेवले. आपली नोंदवही दुसऱ्याच्या घरी ठेवण्याचा हा मार्ग पुढे सर्रास रूढ झाला. आज अनेक संस्था सार्वजनिक डीएनएस सर्व्हर स्वतःच्या भिंतीमागे ठेवतच नाहीत.

तथापि ज्यांची स्वतःचीच जाळी जगभर पसरलेली आहेत, त्यांनी ही नोंदवही स्वतःकडे ठेवली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या अंतर्गत जाळ्यावर देखभालीची एक चुकीची आज्ञा दिली गेली आणि डेटा केंद्रांमधील जोडणी तुटली. कंपनीचे डीएनएस सर्व्हर अनेक ठिकाणी विखुरलेले होते. पण डेटा केंद्रांशी संपर्क तुटल्यास स्वतःला सदोष समजून आपला मार्ग मागे घ्यावा, असा नियम त्या सर्वांना एकसारखाच लावलेला होता. सर्वांनी तो एकाच वेळी पाळला. सर्व्हर चालू राहिले आणि त्यांच्याकडे जाणारी वाटच जगाच्या नकाशावरून गेली. सुमारे सहा तास फेसबुक, व्हॉट्सअॅप व इन्स्टाग्राम बंद होते. डीएनएस नाहीसे झाल्याने दुरुस्तीसाठी लागणारी अंतर्गत साधनेही चालेनात. अभियंते अखेर डेटा केंद्रांपर्यंत प्रत्यक्ष पोहोचले, तेव्हा आत शिरून यंत्रांना हात लावेपर्यंत आणखी वेळ गेला. कारण त्या इमारती कोणालाही सहज आत शिरता येऊ नये अशाच बांधलेल्या होत्या.